घराला गाइड, आवाराला फक्त बाण

जुने वाडे, हवेल्या आणि प्रासाद लोकांसाठी खुले ठेवणारे विश्वस्त, व्यवस्थापक आणि गाइड मंडळी यांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुम्ही एवढ्या कष्टाने जपलेली घरे आम्हाला अर्धीच पाहायला मिळतात. कुलूपबंद खोल्यांविषयी ही तक्रार नाही. कुठली खोली उघडायची आणि कुठली नाही, हे तुम्हालाच कळते. छत गळत असेल, तुळई पोखरली असेल, तर ती खोली बंदच राहू दे. माझे म्हणणे उघड्या भागाबद्दल आहे. घर आणि त्याभोवतीचे आवार ही मुळात एकच रचना. ज्याने घर बांधले त्यानेच, किंवा त्याच्या पदरच्या माणसांनी, दारापर्यंत यायची वाट आखली, पाणी आणले, झाडे लावली, उतार सपाट केला, खिडकीतून काय दिसावे आणि काय दिसू नये ते ठरवले. तुम्ही मात्र तिचे दोन तुकडे करता. घराला गाइड मिळतो, आवाराला फक्त बाण.

एरवी काय होते पाहा. वाहनतळ घराच्या पाठीमागे. तिथून तिकीट खिडकी, मग बॅगा ठेवायची जागा, मग एखादे बाजूचे दार, जे मूळ घरात बहुधा कोळसा किंवा लाकडे आत घ्यायला होते. आत शिरल्यावर दोरीच्या अलीकडून पलंग, टेबल, झुंबर, तसबिरी. गाइड घराण्याची वंशावळ सांगतो. कोणाचे लग्न कोणाशी झाले, कोण निपुत्रिक गेला, कोणी कर्ज केले. तिसऱ्या पिढीपाशी लोकांचे लक्ष उडते, पण गाइड सहाव्या पिढीपर्यंत जातोच. मग भेटवस्तूंच्या दुकानातून बाहेर, आणि तिथे एक पाटी: ‘बागेकडे’. तोवर पाय दुखायला लागलेले, परतीची वेळ झालेली. बाग म्हणजे जणू वेळ उरलाच तर चघळायची बडीशेप.

यात सर्वात मोठे नुकसान होते ते येण्याच्या वाटेचे. मोठ्या घरांची वाट ही त्या घराची पहिली खोली असते, असे मला वाटते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या बिल्टमोरचे उदाहरण घ्या. जॉर्ज व्हँडरबिल्टने बांधलेले हे अडीचशे खोल्यांचे घर १८९५ मध्ये उघडले. वास्तुकार रिचर्ड मॉरिस हंट. पण आवाराची आखणी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडकडे होती, आणि त्याने फाटकापासून घरापर्यंत सुमारे तीन मैलांचा रस्ता असा वळवत नेला की शेवटच्या क्षणापर्यंत घर दिसतच नाही. दोन्ही बाजूंना झाडी, मधेच ओढा, पुन्हा वळण, पुन्हा झाडी. माणूस रानात हरवत चालला असे वाटत असतानाच एकदम मोकळे मैदान लागते आणि समोर घर उभे राहते. अडीचशे खोल्यांचा आकडा कुठल्याही पत्रकात छापता येतो. तो आकडा पोटात गोळा आणतो तो मात्र त्या तीन मैलांमुळे. बिल्टमोरने पाहुण्यांसाठी ती वाट जपली आहे, म्हणून आधी त्यांचे कौतुक.

उलट उदाहरण इटलीत तिवोलीच्या व्हिला द’एस्तेचे. कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चचा वरिष्ठ धर्माधिकारी, इप्पोलितो द’एस्ते १५५० मध्ये तिवोलीचा राज्यपाल झाला आणि त्याने वास्तुकार पिर्रो लिगोरिओकडून ही बाग आखून घेतली. बाग तीव्र उतारावर आहे आणि घर अगदी माथ्यावर. रोमहून येणारा पाहुणा उताराच्या पायथ्याशी असलेल्या फाटकातून आत येई. वर पाहत, कारंज्यांच्या तुषारांतून, जिन्यामागून जिना चढत तो कार्डिनलच्या पायाशी पोहोचे. सगळी रचना या चढण्यासाठी होती. पाहुण्याला आधी दमवायचे, भिजवायचे, थक्क करायचे आणि मगच यजमानाचे दर्शन घडवायचे. आज पर्यटक वरून, गावातल्या चौकाकडून, घरातून आत शिरतात आणि खाली उतरत जातात. कारंजी तीच, पायऱ्या त्याच, पण नाटक शेवटच्या अंकापासून पहिल्याकडे चालते. आता फाटक बदलणे सोपे नाही हे मला समजते. रस्ते बदलले, गाड्या वर येतात, तिकिटाची तपासणी एकाच ठिकाणी करावी लागते. पण अशा ठिकाणी गाइडने एवढे तरी सांगावे की ‘मंडळी, आता काही पाहू नका. सरळ खाली चला, तळाशी वळा, आणि तिथून बघायला सुरुवात करा.’ यात खर्च कसलाच नाही.

आणि असे सांगणे म्हणजे पाहुण्यांवर जबरदस्ती, असे कोणी म्हणत असेल तर त्यांना फ्रान्सचा राजा चौदावा लुई याची आठवण करून द्यावी लागेल. व्हर्सायची बाग कशी दाखवावी याच्या सूचना त्या राजाने स्वतः तयार केल्या. १६८९ पासून पुढच्या काही वर्षांत त्या सूचना पुन्हा पुन्हा सुधारून लिहिल्या गेल्या. घरातून गच्चीवर या, पायऱ्यांच्या माथ्यावर थांबा, इथून हे बघा, मग उजवीकडे वळा, मग तिथे थांबून मागे बघा. सगळे असे क्रमवार. युरोपातल्या सर्वात ताकदवान माणसाला बाग दाखवण्याचा क्रम लिहून काढण्याएवढे महत्त्वाचे काम वाटले. आपल्याकडे मात्र ते काम बाणाच्या पाटीवर सोपवलेले असते.

क्रमाचे महत्त्व सर्वात जास्त कळते ते पॅरिसच्या आग्नेयेला व्हो-ल-व्हिकोंतमध्ये. लुईचा अर्थमंत्री निकोला फूके याने हे घर उभारले. वास्तुकार ल व्हो, चित्रकार ल ब्रं, बागेचा रचनाकार आंद्रे ल नोत्र. १७ ऑगस्ट १६६१ रोजी फूकेने राजाला इथे मेजवानी दिली. तीन आठवड्यांच्या आत, ५ सप्टेंबरला, राजाच्या हुकमाने त्याला अटक झाली आणि उरलेले आयुष्य कैदेत गेले. ते तिघे कलावंत पुढे व्हर्सायला कामाला लागले. ही गोष्ट प्रत्येक गाइड रंगवून सांगतो, आणि ती आहेच रंगतदार. पण त्या बागेची खरी करामत गोष्टीत नाही, चालण्यात आहे. घराच्या पायरीवरून पाहिले तर सगळी बाग एका नजरेत आली असे वाटते. ताटवे, हौद, शेवटी कोरीव गुहांची भिंत आणि तिच्यामागे चढत गेलेली हिरवळ. चालू लागले की हिशेब चुकायला लागतो. जवळ वाटणारा हौद मागे सरकत राहतो. हौदाला लागूनच दिसणाऱ्या त्या गुहा प्रत्यक्षात पलीकडे आहेत, आणि मधे एकाएकी जमीन खाली जाते. तिथे सुमारे एक किलोमीटर लांबीचा आडवा कालवा आहे. घरातून त्याचा थेंबही दिसत नाही. ल नोत्रने जमिनीचे उतार आणि हौदांची मापे अशी बेतली की डोळ्याने अंतर कमी मोजावे आणि पायांनी ते पुरते भरून द्यावे. आता सांगा, ज्याने फक्त खोल्या पाहिल्या आणि पायरीवर उभे राहून फोटो काढला, त्याने काय पाहिले? त्याने मालकाच्या पडझडीची गोष्ट ऐकली आणि ल नोत्रचे निम्मे काम तसेच सोडून घरी गेला.

म्हणून पहिली विनंती: तुमच्या घराची मूळ वाट कोणती होती ते शोधा, आणि जमेल तेवढी पाहुण्याला तिच्यावरून चालवा. सगळी नको. शेवटची दोनशे पावले तरी. वाहनतळाकडून एक पायवाट काढून मुख्य दारासमोर आणून सोडले, तरी पुष्कळ झाले. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी बॅटरीवरची गाडी असते तीही याच वाटेने न्या. ती मागच्या दाराने का जाते हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

आता पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे तुमच्या हातात सोने आहे आणि तुम्ही ते माती समजता.

कारंजे दिसले की लोक फोटो काढतात आणि पाटी वाचतात. पाटीवर कारंज्याचे नाव, मधल्या पुतळ्याचे नाव आणि साल. पाणी वर का उडते, हे क्वचितच कुठे लिहिलेले असते. पंप नसलेल्या काळात पाणी उडवायचे तर ते आधी उंचावर असायला हवे. म्हणजे कुठेतरी वर हौद किंवा तलाव हवा, तिथपर्यंत पाणी आणायची सोय हवी, खाली येणारे नळ हवेत, आणि नळ उघडझाप करणारा माणूस हवा. तिवोलीत आनिएने नदीचे पाणी गावाखालून बोगदा खणून आणले आणि पुढचे सगळे काम उताराने केले. पाण्याच्या जोराने हवा दाबून वाजणारा ऑर्गनसुद्धा तिथे आहे. इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थ या ड्यूकच्या प्रासादात मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टनने १८४४ मध्ये रशियाचा झार निकोलस येणार म्हणून वरच्या माळावर तलाव खणला आणि त्या उंचीच्या बळावर सुमारे ९० मीटर उडणारे कारंजे केले. झार आलाच नाही. कारंज्याला मात्र ‘एम्परर’ हे नाव पडले ते पडलेच. तो तलाव पाहिल्याशिवाय कारंजे म्हणजे नुसता फवारा. राजस्थानात डीगला राजा सूरजमलच्या काळातल्या महालांची कारंजी अशाच युक्तीवर चालत. उंचावर मोठा हौद, त्याच्या भिंतीत ओळीने भोके, प्रत्येक भोकातून वेगळा नळ. भोकांतले दट्टे काढले की खाली कारंजी जिवंत होत. डीगला जाणाऱ्याने आधी तो हौद पाहावा आणि मग खाली उतरावे, एवढे साधे आहे.

व्हर्सायची गंमत तर याच्या उलट. तिथे उंचीही नव्हती आणि पाणीही नव्हते. सेन नदीचे पाणी वर चढवायला मार्लीला चौदा प्रचंड चाकांचे यंत्र १६८४ मध्ये चालू केले, तरी सगळी कारंजी एकाच वेळी सतत चालवण्याइतके पाणी कधी मिळाले नाही. मग राजा फिरायला निघाला की कारंजेवाले शिट्ट्या वाजवून एकमेकांना इशारा देत. राजा येतोय, सोड पाणी. राजा गेला, बंद कर. मला विचाराल तर आरसेमहालापेक्षा ही शिट्टी त्या राजवटीबद्दल जास्त सांगते. तुमच्याही घराच्या पाण्याची अशी काहीतरी कहाणी असणार. विहीर, मोट, खापरी नळ, पावसाचे पाणी साठवणारा तळघरातला हौद, हिवाळ्यातला बर्फ उन्हाळ्यापर्यंत टिकवणारे जमिनीखालचे बर्फघर. बहुतेक ठिकाणी ती जागा काटेरी झुडपांत असते आणि जवळ ‘पुढे जाऊ नये’ अशी पाटी असते. झुडपे काढा, कठडा लावा, आणि पाटीवर धोक्याच्या सूचनेखाली त्या पाण्याची हकिकत चार ओळीत लिहा.

पाण्यामागे माणसे आलीच. नोकरचाकरांच्या खोल्या हल्ली पुष्कळ ठिकाणी दाखवतात, ही चांगली गोष्ट आहे. पण त्या शेवटी दाखवतात, परिशिष्टासारख्या. वेल्समधल्या एर्डिगने हे उलटे केले. यॉर्क घराण्याच्या शेवटच्या वारसाने १९७३ मध्ये ते घर जुन्या वास्तू जपणाऱ्या ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हवाली केले. तेव्हा जवळच्या खाणीमुळे जमीन सुमारे पाच फूट खचली होती आणि छप्पर गळत होते. दुरुस्ती करून १९७७ मध्ये घर खुले झाले, तेव्हा पाहुण्यांचा रस्ता मुद्दाम कामाच्या अंगणांतून ठेवला. सुतारशाळा, लोहारखाना, तबेले, भट्टी, धुलाईघर, मुदपाकखाना, आणि मग मालकांच्या खोल्या. या घराण्याने अठराव्या शतकापासून आपल्या नोकरांची चित्रे काढून घेतली होती आणि त्यांच्यावर पद्येही रचली होती. ती भिंतीवर आहेत. त्या वाटेने दिवाणखान्यात पोहोचलेला माणूस पडद्याकडे पाहताना तो धुतला कुठे याचा विचार करतो. तिथे गाइडला वेगळे प्रवचन द्यावे लागत नाही.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या माँटिसेलोची गोष्ट जड आहे. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनचे हे घर डोंगरमाथ्यावर आहे आणि दुरून पाहिले तर स्वयंपूर्ण, स्वच्छ, एकटेच उभे असलेले दिसते. ते तसे दिसावे म्हणूनच बांधले गेले. स्वयंपाकघर, कोठ्या, तबेले हे सगळे गच्च्यांच्या खाली उतारात दडवले, घराखालून एक बोळ काढला. जेवणघरात शेकोटीच्या दोन्ही बाजूंना तळघरातून मद्याच्या बाटल्या वर खेचणारे छोटे कप्पे केले. दाराला फळ्या लावून ते फिरते केले, म्हणजे वाढणारा माणूस आत न येता अन्न आत यावे. जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. दीर्घकाळ पाहुणे हे फिरते दार एका हुशार माणसाची क्लृप्ती म्हणून पाहत आणि हसून पुढे जात. मग घर सांभाळणाऱ्या संस्थेने घराबाहेर, मलबेरी रो या गुलामांच्या वस्तीच्या आणि कारखान्यांच्या रांगेवर, उत्खनन केले, काही खोल्या पुन्हा उभ्या केल्या, २०१८ मध्ये जेफरसनने गुलाम म्हणून बाळगलेल्या सॅली हेमिंग्जच्या आयुष्यावरचे दालन उघडले. सुमारे तीनशे मीटर लांबीची भाजीपाल्याची सपाट पट्टी उतार कापून कोणाच्या हातांनी तयार झाली, हेही आता तिथे सांगितले जाते. आवार दाखवायला लागल्याबरोबर त्या दाराचा अर्थ बदलला. दारात एका खिळ्याचाही फरक झालेला नाही.

अशी अवघड माहिती सांगितली की काही पाहुणे नाराज होतात, ‘आम्ही सहलीला आलो होतो’ म्हणतात. म्हणू देत. तिकीट काढून आलेल्या माणसाला तुम्ही लहान मूल समजू नका, एवढेच माझे मत.

आता जरा तुमच्या बाजूने बोलतो. घरात एवढा अंधार का, यावर पाहुणे कायम कुरकुरतात. मला त्याचे कारण माहीत आहे, पण कित्येकांना नसते, कारण तुम्ही सांगत नाही. रेशीम, गालिचे, जलरंग यांच्यावर पडणारा प्रकाश साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचे माप) आत ठेवतात. बाहेर भर उन्हात तो एक लाख लक्सच्या आसपास असतो. प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि ती परत भरून निघत नाही. इंग्लंडमध्ये डर्बीशरच्या कॅल्क ॲबी या घरात अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या चिनी रेशमाचा पलंग-पडदा खोक्यात बांधलेलाच सापडला. त्याचे रंग आजही झगझगीत आहेत, कारण त्याने उजेड पाहिलाच नव्हता. ही एक गोष्ट दारात सांगितली तर कुरकुर थांबेल. शिवाय डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही मिनिटे लागतात. उन्हातून आणलेल्या माणसाला थेट रेशमाच्या खोलीत नेऊ नका. मधे एखाद्या ओसरीत थांबवा आणि वंशावळ तिथे उरकून घ्या.

पण पडदे ओढल्यामुळे एक गोष्ट निसटते. खिडकी. या घरांतल्या खिडक्या उजेडासाठी असतातच, त्याहून जास्त त्या बाहेरचे चित्र पकडण्यासाठी असतात. इंग्लंडमध्ये स्टो इथल्या बागेत रचनाकार चार्ल्स ब्रिजमनने अठराव्या शतकाच्या आरंभी ‘हा-हा’ वापरला. एका बाजूने भिंत बांधून काढलेला चर, जो घरातून दिसत नाही. गुरे बागेत येत नाहीत, पण कुंपणही नजरेत खुपत नाही आणि मालकाला वाटते की क्षितिजापर्यंत सगळे आपलेच. चॅट्सवर्थच्या ड्यूकच्या नजरेत एडेन्सर गाव येत होते, तर गावाची घरे पाडून दुसरीकडे, आड बांधली. हे सगळे खिडकीतून पाहायचे आहे. म्हणजे खरे तर न दिसण्यातून पाहायचे आहे. तर प्रत्येक मजल्यावर अशी एक खोली निवडा जिथे नाजूक काही नाही. तिचे पडदे बाजूला सारा. समोर दोन खुर्च्या ठेवा, त्यांवर ‘बसू नये’ असे लिहू नका. आणि खिडकीशेजारी लिहा की इथून पूर्वी काय दिसे, काय हटवले, काय मुद्दाम लावले. नॅशनल ट्रस्टच्या किंवा आणखी कोणाच्या मोठ्या निधीची त्याला गरज नाही. एक खोली आणि एक सुज्ञ माळी पुरेल.

माळ्यावरून आठवले. आवारातला सर्वात जाणता माणूस बहुधा माळी असतो आणि त्याला पाहुण्यांशी बोलायची मुभा नसते. कोणते झाड मूळचे, कोणते वादळात पडल्यावर लावले, कुठे पाणी मुरते, कुठल्या भिंतीला सकाळचे ऊन लागते म्हणून तिथे फळझाडे होती, हे त्याला तोंडपाठ असते. आठवड्यातून एखादा तास त्याला गाइड करा. त्याच्या पगारात त्या तासाचे पैसे मिळवा, हेही आलेच.

आवार कुठे संपते, हाही प्रश्नच आहे. माउंट व्हर्नन हे जॉर्ज वॉशिंग्टनचे घर १८५८ मध्ये स्त्रियांच्या एका संघटनेने वर्गणी काढून विकत घेतले. घराच्या मागच्या उंच पडवीतून पोटोमॅक नदी आणि पलीकडचा हिरवा काठ दिसतो. विसाव्या शतकाच्या मध्याला त्या पलीकडच्या काठावर तेलाच्या टाक्या येऊ घातल्या होत्या. तेव्हा याच संघटनेत काम करणाऱ्या आणि अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या सदस्य असलेल्या फ्रान्सिस बोल्टन यांनी तिथली जमीन खरेदी करायला सुरुवात केली. १९६१ मध्ये त्या काठावर पिस्कॅटवे पार्कला सरकारी संरक्षण मिळाले. दुसऱ्या राज्यातली, नदीपलीकडची जमीन, आणि ती कशासाठी, तर पडवीत बसल्यावर वॉशिंग्टनला जे दिसे साधारण तेच दिसावे म्हणून. ज्या घरांसमोर आज होर्डिंग, मोबाइलचे मनोरे आणि तुमचेच उपाहारगृह उभे आहे, त्यांच्या विश्वस्तांनी एकदा आपल्या पडवीत बसून समोर बघावे. निदान उपाहारगृह तरी हलवता येते.

आणि जिथे घरच उरलेले नाही? शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० मध्ये सुरू झाले, १८२८ च्या आगीत आतले महाल जळून गेले. आज तटबंदी, दरवाजे, जोती आणि सोळा पाकळ्यांच्या हजारी कारंज्याचा हौद शिल्लक आहे. लोक आत येतात, ‘इथे काहीच नाही’ म्हणतात, आणि दिल्ली दरवाजाचा फोटो काढून जातात. अशा जागी तर जमीन हाच सगळा ऐवज. कुठला चौक कुठे, कुठली भिंत किती जाड, पाणी कुठून आत यायचे, कारंज्यासमोर बसायची जागा कुणाची, हे त्या जोत्यांवरून चालत चालत सांगता येते. एखादा चांगला गाइड, हातात वाड्याचा नकाशा आणि उन्हाची वेळ टाळून आखलेली फेरी, एवढ्यात वाडा डोळ्यांसमोर उभा राहू शकतो. छप्पर नसल्याने उजेडाचा प्रश्न तरी नाही.

छोट्या गोष्टी भराभर लिहितो. घराचे आणि आवाराचे तिकीट एकच ठेवा. दोन ठेवायचीच असतील, तर आवाराचे तिकीट काढून आलेल्याला नंतर घराचे घेता येईल अशी सोय करा. एकदा बाहेर पडलेल्याला त्याच दिवशी पुन्हा आत येऊ द्या, कारण बाग पाहिल्यावर खोल्या वेगळ्या दिसतात आणि त्या पुन्हा पाहाव्याशा वाटतात. नकाशावर चढ-उतार दाखवा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ‘पाचशे मीटर’ म्हणजे सपाट की जिना, हे आधी कळायला हवे. बाक ठेवा, पण मोठ्या आवाजाच्या स्पीकरखाली नको. हिवाळ्यात किंवा पावसाळ्यात घर बंद ठेवून फर्निचरवर अभ्रे घालता, झाडलोट करता, ते योग्यच आहे. त्या दिवसांत आवार मात्र उघडे ठेवा. पाने गळाल्यावर आखणीच्या रेषा सर्वात स्पष्ट दिसतात.

आम्हा पाहुण्यांचेही वागणे काही शहाणपणाचे नसते, हे लिहिल्याशिवाय हे पत्र एकतर्फी होईल. भिंतींवर नावे कोरणारे, हौदात बाटल्या टाकणारे, दोरी ओलांडून पलंगावर बसून फोटो काढणारे आमच्यातच असतात. टोकदार टाचांनी लाकडी जमिनीला खड्डे पडतात हे सांगूनही ऐकत नाहीत. दोऱ्या आणि पहारे त्यांच्यामुळे आहेत. फक्त माझा अनुभव असा आहे की ज्या ठिकाणी पाहुण्याला कामाची माहिती मिळते, पाणी कसे आले, भिंत कोणी बांधली, रेशीम का फिकट पडले, तिथे लोक आपोआप हात मागे बांधून चालतात. जिथे फक्त वंशावळ मिळते तिथे ते भिंतींकडे वळतात.

तुमच्यापैकी कोणाला हे पटले, तर सगळे एकदम बदलायला जाऊ नका. पुढच्या हंगामात आठवड्यातला एकच दिवस निवडा. त्या दिवशीची पहिली फेरी मूळ फाटकातून सुरू करा, पाण्याचा उगम आणि मुदपाकखाना घेऊन मुख्य दाराशी या, आणि मग नेहमीच्या खोल्या दाखवा. फेरी संपल्यावर लोकांनी काय विचारले तेवढे एका वहीत टिपून ठेवा. नेहमीच्या फेरीतले प्रश्न आणि या फेरीतले प्रश्न शेजारी शेजारी ठेवले की पुढचे काय करायचे ते तुम्हालाच ठरवता येईल. अशी फेरी कोणत्या दिवशी आहे हे तिकीट खिडकीवर ठळक लिहा. आम्ही त्या दिवशी येऊ.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तिकीट काढून येणारा एक पाहुणा